जॉर्ज हॅरिसन नेमकं वाजवायचा काय?

माझ्याकडे गिटार शिकणाऱ्या एका पोराचा परवा रात्री साडेअकराला लांबलचक मेसेज आला. थोडक्यात असा: "सर, बीटल्समध्ये गाणी जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी लिहायचे, बास पॉलकडे, ड्रम रिंगोकडे, मग जॉर्ज हॅरिसन नेमकं करायचा काय? लीड गिटारिस्ट म्हणतात पण सोलो तर एकदम साधे वाटतात, मी तीन महिन्यांत बसवले. सितार वाजवायचा म्हणे, ती पण दोन-चार गाण्यांत आणि मग सोडली. त्याने काय काय वाजवलंय ते सांगा, आणि सितार का सोडली ते पण सांगा." पोरा, क्लासमध्ये बोलायला लागलो तर तुझा सगळा तास त्यातच जाईल आणि तुझे बाबा फी कशाची देतो म्हणून विचारतील, म्हणून बसून लिहितोय. मी अठ्ठावीस वर्षं गिटार वाजवतोय, ऑर्केस्ट्रात, रिसेप्शनमध्ये, थोडंफार स्टुडिओत, आणि जॉर्जचे पार्ट बसवण्यात त्यातली बरीच वर्षं गेलीत, त्यामुळे तीन महिन्यांत बसवले हे वाचून जरा हसू आलं, राग मानू नकोस.

आधी दोन गैरसमज काढून टाकू, कारण तुझ्या डोक्यात ते असणारच. 'व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स' मधली ती रडणारी लीड गिटार जॉर्जची नाही. गाणं त्याचं, गायलाय तोच, पण लीड वाजवलीये त्याचा मित्र एरिक क्लॅप्टनने, सप्टेंबर १९६८ मध्ये, जॉर्जनेच त्याला धरून स्टुडिओत आणला. आणि 'टॅक्समन' मधला तो चिडका, कडक सोलो पॉलने वाजवलाय. गंमत बघ, दोन्ही गाणी जॉर्जची स्वतःची, आणि दोन्हीकडे चमकायची जागा त्याने दुसऱ्याला देऊन टाकली. आपल्या लाइनमध्ये असा माणूस सापडत नाही रे. आमच्या ऑर्केस्ट्रात तर आठ मात्रांच्या पीससाठी दोन गिटारवाल्यांमध्ये महिनाभर बोलणं बंद होतं.

आता जॉर्ज करायचा काय, तर तो गाण्याला जेवढं हवं तेवढंच वाजवायचा, आणि ते तेवढंच असं असायचं की काढून टाकलं तर गाणं लंगडं होतं. याला मी पार्ट बांधणं म्हणतो. सोलो वाजवणं निराळं, पार्ट बांधणं निराळं. 'अँड आय लव्ह हर' ऐक. सुरुवातीला नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारवर चार सुरांचा एक तुकडा येतो आणि मग तो पूर्ण गाणंभर पुन्हा पुन्हा येत राहतो. गाणं पॉलचं, पण तो चार सुरांचा तुकडा जॉर्जने तिथल्या तिथे काढला, आणि पॉलने स्वतः नंतर कबूल केलंय की त्याच्याशिवाय ते गाणं उभंच राहत नाही. त्यावर लेखक म्हणून नाव कुणाचं? लेनन-मॅकार्टनी. आपल्याकडे पण हेच की, फिल्मी गाण्यातला जो पीस लोक शिट्टीवर वाजवतात तो काढलेला असतो कुठल्यातरी अरेंजरने किंवा वादकाने, आणि कॅसेटवर नाव संगीतकाराचं. त्याच गाण्यात ती टक-टक क्लेव्ह्ज, म्हणजे एकमेकींवर आपटायच्या लाकडी काठ्या, वाजतात ना, ती पण जॉर्जचीच.

थोडं मागे जातो. जन्म १९४३ चा, लिव्हरपूलचा, वडील बसमध्ये कंडक्टर, मग ड्रायव्हर. पहिली गिटार साडेतीन पौंडांची, सेकंडहँड. १९५८ मध्ये जॉन-पॉलच्या ग्रुपमध्ये घुसला तेव्हा जेमतेम पंधराचा, बसच्या वरच्या मजल्यावर बसून एक इन्स्ट्रुमेंटल ट्यून वाजवून दाखवली म्हणून घेतला. जॉनला तो फारच लहान वाटायचा, पण ग्रुपमध्ये सूर न चुकता वाजवणारा हाच. बाकीचे दोघं ॲटिट्यूडवर चालायचे, हा घरी रियाज करून यायचा. हे लहान असणं त्याला शेवटपर्यंत पुरलं, म्हणजे नडलं. बीटल्सच्या सगळ्या रेकॉर्डमध्ये त्याची स्वतःची गाणी २२, म्हणजे एका अल्बमला एक-दोन, तीही बाकीच्यांचं झाल्यावर.

सुरुवातीची गिटार ग्रेच कंपनीची ड्युओ जेट, काळी, १९६१ मध्ये एका खलाशाकडून ७५ पौंडांना घेतलेली. पहिला अल्बम बराचसा तिच्यावरच झाला. या काळातलं त्याचं वाजवणं म्हणजे कार्ल पर्किन्स आणि चेट ॲटकिन्स या अमेरिकन गिटारवाल्यांकडून उचललेलं, दोन-दोन तारा एकत्र छेडायच्या, अंगठ्याने खालचा बास चालू ठेवायचा, वर बोटांनी सूर. त्यात विशेष काही नाही असं म्हणालास तर मी भांडणार नाही.

खरी मजा फेब्रुवारी १९६४ पासून. बीटल्स पहिल्यांदा अमेरिकेत गेले, जॉर्ज घसा धरून हॉटेलात पडलेला, आणि रिकनबॅकर कंपनीच्या मालकाने त्याला बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार दिली, ३६०/१२, तेव्हा अशा गिटारी जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्याची दुसरी बनलेली. आता बारा तारांची अकूस्टिक गिटार तू पाहिलीयेस, माझ्या खोलीत भिंतीला आहे ती. तिच्यात जोडीच्या तारांपैकी बारीक, वरच्या सप्तकाची तार आधी असते, म्हणजे हात खाली मारला की आधी टिंग आणि मग खर्ज. रिकनबॅकरमध्ये क्रम उलटा, जाड तार आधी लागते, बारीक नंतर. एवढ्याशा फरकाने आवाज एकदम बदलतो, स्ट्रमिंगचा गिचका होत नाही, सूर आधी ठळक येतो आणि त्याच्यामागे झंकार येतो. शिवाय बारा खुंट्या एका ओळीत नाहीत, सहा बाजूला आणि सहा मागच्या बाजूला वळवलेल्या, त्यामुळे कुठली खुंटी कुठल्या तारेची हे अंधारात पण कळतं. प्यायलेलो असलो तरी वाद्य लावता येतं असं जॉर्ज गमतीत म्हणायचा.

या गिटारवरचं सगळ्यात प्रसिद्ध काम म्हणजे 'अ हार्ड डेज नाईट' ची सुरुवात, ती एकच कॉर्ड, झण्णकन. लोकांनी त्यावर लेखच्या लेख लिहिलेत, गणितवाल्यांनी पण डोकं लावलंय. जॉर्जला विचारलं तर त्याने सरळ सांगितलं, एफ कॉर्ड आणि वर जी. बस. त्याच्या खाली पॉलचा बासवरचा डी आणि निर्माते जॉर्ज मार्टिन यांचा पियानो, म्हणून ती नुसत्या गिटारवर वाजवली की अपुरी वाटते, तू मागे रडत होतास ना कॉर्ड बरोबर आहे पण तशी वाजत नाही म्हणून, ते यामुळे. आणि त्या गाण्यातला सोलो? तो वेगात त्याला बसेना. मग टेप अर्ध्या स्पीडला चालवली, जॉर्जने एक सप्तक खाली, हळू वाजवलं, सोबत मार्टिनने पियानोवर तेच सूर धरले, आणि टेप नेहमीच्या स्पीडला आणली. याला चीटिंग म्हणायचं का? मी नाही म्हणणार. स्टुडिओ हेही वाद्यच आहे, आणि स्टेजवर नंतर तोच सोलो त्याला वाजवावाच लागला.

'अ हार्ड डेज नाईट' हा बीटल्सचा पिक्चरही होता, तो अमेरिकेत रॉजर मॅग्विन नावाच्या गिटारवाल्याने पाहिला, थेटरात ती गिटार बघितली, जाऊन तशीच घेतली आणि बर्ड्स या बँडचा अख्खा साउंड त्यावर उभा राहिला. मग जॉर्जने बर्ड्सचा एक तुकडा ऐकून, सातव्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावून, 'इफ आय नीडेड समवन' केलं. म्हणजे देणं-घेणं दोन्हीकडून.

आता सितार. १९६५ मध्ये 'हेल्प!' पिक्चरच्या शूटिंगला एक हिंदुस्थानी हॉटेलचा सीन होता, तिथे वादक बसवलेले, जॉर्जने त्यांची सितार उचलून बघितली. मग लंडनमध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीटवर इंडियाक्राफ्ट नावाच्या दुकानातून एक विकत घेतली. साधीच होती, पर्यटकांना विकतात त्यातली, तो स्वतःच तिला भिकार म्हणायचा. मला ते फार जवळचं वाटतं कारण मी पण पंचविशीत पहिल्या मोठ्या सेशनच्या पैशात एक सितार घेतली, दुकानदाराने एकदम मैफलीची म्हणून गळ्यात मारली, घरी आणून लावायला बसलो तर खुंट्या फिरतात पण थांबत नाहीत, तरफांच्या, म्हणजे खालच्या झंकारणाऱ्या तारांच्या, तीन खुंट्यांची भोकंच आरपार गेलेली नव्हती, नुसती शोभेला डोकी चिकटवलेली. हॉलमध्ये टांगायची वस्तू होती ती. बायको आजपण पाहुण्यांना दाखवते.

तर त्या सितारवर ऑक्टोबर १९६५ मध्ये 'नॉर्वेजियन वुड'. नीट ऐकलंस तर कळेल, ती सितार गिटारसारखी वाजवलीये, जॉनची चाल तशीच्या तशी पडद्या-पडद्यावर, मींड, म्हणजे तार ओढून एका सुरावरून दुसऱ्यावर जाणं, जवळपास नाहीच, कडेच्या चिकारीच्या तारांचा झणत्कार नाही, आलापीचा प्रश्नच नाही. इंजिनिअरचे हाल झाले कारण सितारचा आघात एकदम टोकदार, मीटरची सुई उडायची आणि खाली यायची. मध्ये तार तुटली, आता लंडनमध्ये सितारची तार आणायची कुठून, तर एशियन म्युझिक सर्कल नावाची संस्था होती, ती चालवणारे अयाना अंगडी कर्नाटकातले, त्यांच्याकडून तार आली. आणि त्या तुटलेल्या तारेमुळेच पुढची सगळी ओळख झाली, कारण त्यांच्याच घरी जून १९६६ मध्ये जॉर्जची आणि पंडित रविशंकरांची भेट झाली.

मधल्या काळात 'लव्ह यू टू' झालं, एप्रिल १९६६. त्यात तबला अनिल भागवत यांचा, आणि 'रिव्हॉल्व्हर' अल्बमच्या कव्हरवर त्यांचं नाव छापलंय. बीटल्सच्या रेकॉर्डवर बाहेरच्या वादकाचं नाव येणं ही तेव्हा चैन होती. पुढच्या वर्षी 'विदिन यू विदाउट यू' मध्ये दिलरुबा, म्हणजे गजाने वाजवायचं आपलं तंतुवाद्य, वाजवणाऱ्यांत अण्णा जोशी होते, तबल्यावर नटवर सोनी, पण त्यांची नावं कव्हरवर आलीच नाहीत, कित्येक वर्षांनी लोकांनी शोधून काढली. अण्णा जोशी! लंडनमध्ये, १९६७ साली, बीटल्सच्या रेकॉर्डवर. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी क्लासमध्ये सगळ्यांना चहा पाजलेला.

सप्टेंबर १९६६ मध्ये जॉर्ज मुंबईत आला, रविशंकरांकडे शिकायला. ताजमध्ये सॅम वेल्स या नावाने उतरला, ओळखू येऊ नये म्हणून मिशी वाढवलेली, पण कुणीतरी ओळखलंच, हॉटेलखाली पोरापोरींची गर्दी, शेवटी पत्रकार परिषद घ्यावी लागली आणि गुरु-शिष्य काश्मीरला हाऊसबोटीवर गेले. सुमारे सहा आठवडे होता. मांडी घालून सितार धरायची म्हणजे कमरेचे आणि मांड्यांचे हाल, तेविसाव्या वर्षापर्यंत खुर्चीत बसलेला माणूस तो, म्हणून त्याला योगासनं शिकवली. एक गोष्ट त्याने स्वतः सांगितलीये, सुरुवातीच्या एका धड्याच्या वेळी फोन वाजला, हा उठला आणि सितार ओलांडून जायला निघाला, तर रविशंकरांनी पायावर फटका दिला. आपल्याला हे समजवायला नको, घरात वहीला पाय लागला तरी डोळ्याला हात लावतो आपण. पण लिव्हरपूलच्या पोराला, ज्याच्या लाइनमध्ये लोक स्टेजवर गिटारी फोडायला लागले होते, त्याला हे नवीन होतं, आणि त्याने ते आयुष्यभर लक्षात ठेवलं.

'विदिन यू विदाउट यू' हा त्याच्या सितारच्या काळातला सगळ्यात मोठा पार्ट, मार्च-एप्रिल १९६७. त्यात बाकीचे तीन बीटल्स वाजवतच नाहीत. चाल खमाज थाटाच्या अंगाने जाते, कोमल निषाद लागला की तुला कळेलच. मधला वाद्यांचा भाग पाच मात्रांच्या चालीत, दिलरुबा आणि सितारचा सवाल-जवाब. आणि कठीण काम लागलं ते व्हायोलिनवाल्यांना, कारण दिलरुबा जशी घसरत सुरावर येते तसं त्यांनी वाजवायचं होतं, आणि पाश्चात्त्य वादकाला कागदावरचे सूर दे, तो बिनचूक वाजवेल, पण दोन सुरांच्या मधलं कागदावर कसं लिहिणार? मार्टिननी ते लिहून काढलं आणि करून घेतलं. हिंदी सिनेमात हे काम आपले अरेंजर आधीपासूनच करत होते हे मात्र इथे नोंदवून ठेवतो, उगाच इंग्रजांनी शोध लावला असं नको व्हायला.

सितारशिवाय आपली बाकीची वाद्यं पण मोजायची तर 'स्ट्रॉबेरी फील्ड्स' मध्ये स्वरमंडल आहे, हो तेच, किशोरीताई आमोणकरांच्या मांडीवर असायचं ते. वरून खाली बोट फिरवलं की जो झरझर ओघळ येतो तो जॉर्जने काढलाय, एकदा कळलं की मग प्रत्येक वेळी तेच ऐकू येतं. तानपुरा 'टुमॉरो नेव्हर नोज', 'गेटिंग बेटर' आणि अजून एक-दोन ठिकाणी. तानपुरा वाजवणं यात काय विशेष असं वाटेल तुला, पण रॉकच्या गाण्यात कॉर्ड न बदलता एका सुरावर थांबून राहायचं ही कल्पनाच केवढी उलटी आहे बघ.

मग जानेवारी १९६८. 'वंडरवॉल' नावाच्या पिक्चरचं संगीत जॉर्जकडे आलं होतं, त्याने लंडनमध्ये स्टॉपवॉच घेऊन सीनचे सेकंद मोजले आणि अर्धं काम मुंबईत करायला आला, फोर्टात, फिरोजशहा मेहता रोडवरच्या एचएमव्ही स्टुडिओत. मशीन मोनो होतं, मग ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या भास्कर मेनन यांनी स्टिरिओ मशीन कलकत्त्याहून आणवलं. स्टुडिओचं साउंडप्रूफिंग बेताचं, खालून टॅक्सी जायच्या त्याचा आवाज आत, साडेपाचला ऑफिसं सुटली की जिन्यावर धाडधाड पाय वाजायचे आणि रेकॉर्डिंग थांबवायचं. मला ते वाचून जॉर्ज एकदम आपल्यातला वाटायला लागला, कारण मी पण एका स्टुडिओत वाजवलंय जिथं शेजारच्या इमारतीतला कुकर शिट्टी द्यायचा आणि टेक परत. वादक कोण होते बघ: सरोदवर आशिष खाँ, संतूरवर शिवकुमार शर्मा, तारशहनाईवर विनायक व्होरा, बासरीवर एस. आर. केंकरे, तबला तरंग आणि हार्मोनियमवर रिजराम देसाड. शहनाईवर शरद आणि हनुमान, आडनाव कव्हरवर जदेव असं छापलंय, मी पैज लावून सांगतो जाधव असणार. जॉर्जने त्यांच्याकडून छोटे-छोटे तुकडे वाजवून घेतले, स्वतः वादक म्हणून पुढे आला नाही. त्याच दिवसांत 'द इनर लाइट' चा ट्रॅक झाला, त्यात बासरीला हरिप्रसाद चौरसिया आहेत. लंडनला जाऊन त्यावर आवाज चढवला. हे गाणं 'लेडी मॅडोना' च्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला आलं, बीटल्सच्या सिंगलवर आलेलं जॉर्जचं पहिलं गाणं ते, आणि त्यातली वाद्यं सगळी फोर्टात वाजलेली. मुंबईत त्या इमारतीखालून रोज हजारो माणसं जातात.

आणि मग सितार सोडली. का, तर त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये गिटारिस्ट जिमी हेन्ड्रिक्स आणि क्लॅप्टन यांच्यात उठबस झाली, रविशंकरांनीही त्याला तुझी मुळं कुठली म्हणून विचारलेलं, आणि त्याने स्वतःशी हिशोब केला की पंधरा वर्षं आधी सुरुवात केली असती तर काही झालं असतं, आता मी बरा सितारिया पण होणार नाही. भारतात शेकड्याने पोरं त्याच्याहून चांगली वाजवणारी त्याने डोळ्यांनी पाहिली होती. मला यात हार दिसत नाही. दोन-अडीच वर्षं मनापासून शिकून, आपलं माप कळून, वाद्य नमस्कार करून खाली ठेवणं हे फार कमी लोकांना जमतं, बाकीचे फ्यूजनचे प्रोग्राम करत फिरतात.

पण सितार हातातून गेली तरी डोक्यातून गेली नाही, आणि तुझ्या प्रश्नाचं माझ्या दृष्टीने मुख्य उत्तर इथेच आहे. डिसेंबर १९६९ मध्ये तो डेलनी अँड बॉनी या अमेरिकन जोडीसोबत टूरवर गेला, तिथे डेलनीने त्याच्या हातात स्लाइड दिली. स्लाइड म्हणजे बोटात काचेची किंवा धातूची नळी, तार पडद्यावर दाबायची नाही, नळी तारेवरून घसरवायची. ब्लूजवाले तिच्यावर ओरडतात, किंचाळतात, घाण करतात, ती मजा वेगळीच. जॉर्जने तसं काहीच केलं नाही. 'माय स्वीट लॉर्ड' मधली स्लाइड ऐक, १९७० ची. दोन स्लाइड एकत्र, एकावर एक हार्मनीत, आणि प्रत्येक सूर खालून वर अलगद येऊन नेमका जागेवर थांबतो, थांबल्यावर थोडासा हलतो. ही मींड आहे. ब्लूजमधली घसरण नाही. सितारवर काय करतो आपण, एका पडद्यावर बोट ठेवून तार आडवी ओढायची, आणि त्याच पडद्यावरून सा चा रे, रे चा ग, पुढे म-प पर्यंत काढायचा, किती ओढायची हे सांगणारी खूण वाद्यावर कुठेच नाही, फक्त कान. स्लाइडमध्येही तेच, पडदे दिसतात पण उपयोग दिशेपुरता. जॉर्जची स्लाइड बेसूर होत नाही याचं कारण मुंबईत आणि काश्मीरमध्ये घासलेले ते आठवडे आहेत असं माझं मत, आणि यावर माझ्याशी वाद घालणाऱ्याला मी आधी ती दोन स्लाइडची हार्मनी वाजवून दाखव म्हणतो.

याच स्लाइडचा आवाज मग सगळीकडे दिसतो. जॉनच्या १९७१ च्या 'इमॅजिन' अल्बममध्ये आहे, बॅडफिंगर या बँडच्या 'डे आफ्टर डे' मध्ये आहे, १९७३ च्या 'गिव्ह मी लव्ह' मध्ये तर सुरुवातच तिची, आणि १९९५ मध्ये उरलेल्या तिघांनी जॉनच्या जुन्या टेपवर 'फ्री ॲज अ बर्ड' काढलं तेव्हा पण. डोळे मिटून दोन सूर ऐकले की कळतं हा जॉर्ज. वेगात वाजवणारे हजारो आहेत, दोन सुरांत ओळखू येणारे किती?

गिटारींची यादी तुला पाठच करायची असेल तर पटकन सांगतो. ग्रेचची कंट्री जंटलमन, अमेरिकन टीव्हीवरच्या एड सलिव्हन शोमध्ये जी दिसते ती. गिब्सनची जे-१६०ई, अकूस्टिकच पण पिकअप लावलेली. 'रिव्हॉल्व्हर' च्या वेळची गिब्सन एसजी आणि एपिफोन कसिनो. फेंडर स्ट्रॅट, निळी होती, १९६७ मध्ये त्याने चमकत्या रंगांनी आणि बायकोच्या नेलपॉलिशने रंगवली, नाव रॉकी, पुढे स्लाइडसाठी हीच. क्लॅप्टनने दिलेली लाल लेस पॉल, तिचं नाव ल्युसी. आणि रोजवूडची टेलिकास्टर, जानेवारी १९६९ च्या गच्चीवरच्या शोमधली, दिसायला सुंदर आणि वजनाला म्हणे दगड. बास पण वाजवलाय, 'गोल्डन स्लंबर्स' मध्ये सहा तारांचा बास त्याचा. 'मिस्टर काइट' मध्ये हार्मोनिका. शेवटी-शेवटी उकुलेलेचं वेड, गाडीच्या डिकीत चार-पाच घेऊन फिरायचा आणि मित्रांना वाटायचा.

मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर तयार करणारं यंत्र, मात्र घाईत सोडता येणार नाही, कारण ते अवाढव्य, वायरींनी भरलेलं मशीन बीटल्समध्ये पहिल्यांदा जॉर्जनेच विकत घेतलं, आणि 'ॲबी रोड' अल्बममध्ये त्याच्या गाण्यांत ते चवीपुरतंच. 'हिअर कम्स द सन' मध्ये ऐक, हळूच येतं, गिटारच्या मागून. हे गाणं त्याने १९६९ च्या वसंतात क्लॅप्टनच्या बागेत लिहिलं, बीटल्सच्या कंपनीच्या मीटिंगला दांडी मारून, मीटिंगचा आणि हिशोबाच्या लोकांचा वैताग आलेला. सातव्या पडद्यावर कॅपो, हाताचे आकार साध्या डी कॉर्डचे, म्हणून ती गिटार मँडोलिनसारखी हलकी वाजते. तू हे गाणं बसवलंस आणि मधल्या भागात दर वेळी पाय चुकतो ना, ते का ते बघ. धृपदानंतर जो उतरता तुकडा आहे तो चार-चारच्या मात्रांत मोजू नकोस, तीन-तीन-तीन-तीन-दोन-दोन असा मोज, सोळा पूर्ण होतात आणि समेवर येतोस. मधल्या कडव्यात तर अकरा, आठ आणि सात असे तुकडे आहेत. इंग्रजी पुस्तकं याला विचित्र टाइम सिग्नेचर म्हणतात आणि घाबरवतात. तबल्यावाल्या मित्राला ऐकव, तो म्हणेल अरे हे तर तिहाईच्या, म्हणजे तुकडा तीनदा घेऊन समेवर येण्याच्या, अंगाने चाललंय, आणि टाळी देऊन मोकळा होईल. सितार सोडून वर्ष होत आलं होतं तेव्हा.

तुझ्या शेवटच्या ओळीत होतं की तू पण सितार शिकायला सुरुवात करू का. कर, पण माझ्याकडे नको, मला येत नाही, आणि घरी टांगलेली मिळेल ती पण नको. त्याआधी रविवारी येताना स्लाइड घेऊन ये. ऑनलाइन पाचशे घालवू नकोस, एसी दुरुस्तीवाल्याकडे तांब्याच्या पाऊण इंची पाइपचा तुकडा मागून घे, अडीच इंचांचा, कडा कानशीने घासून गोल कर नाहीतर बोट कापेल. करंगळीत घाल. नळी पडद्याच्या मागे नाही, बरोबर पडद्याच्या धातूच्या पट्टीच्या वर यायला हवी, आणि मागची मोकळी बोटं तारांवर अलगद टेकलेली, नाहीतर नुसता खरखराट येतो. 'माय स्वीट लॉर्ड' मधले पहिले चारच सूर, हार्मोनियमवर सा धरून. चार आठवडे लागले मला त्याला.